फालिजनंतरची वर्षं : रुग्ण घरी आला, सांभाळणारीचं काय?

घरात कुणाला फालिज मारला की मोहल्ला धावून येतो. कुणी रिक्षा आणतं, कुणी हॉस्पिटलच्या डिपॉझिटसाठी घरातून पैसे काढून देतं, जुम्याच्या नमाजनंतर दुआ मागितली जाते. आठ-पंधरा दिवसांनी रुग्ण घरी येतो. पुढचा महिनाभर इयादतीला येणाऱ्यांची ये-जा असते. मग हळूहळू तीही थांबते. यात लोकांचं काही चुकत नाही, प्रत्येकाला आपापला संसार आहे. पण इथूनच या आजाराचा सगळ्यात लांब भाग सुरू होतो. तो पाच वर्षांचा असू शकतो आणि पंधरा वर्षांचाही.

हा विषय आज काढायला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करायचा निर्णय घेतला. फालिजमुळे कायमचं अपंगत्व आलेले गरीब रुग्ण यात बसू शकतात. वाढ चांगलीच आहे. पण हे पैसे रुग्णाच्या नावावर येतात. त्याला रोज उठवणारी, भरवणारी, धुणारी जी व्यक्ती आहे, तिचं नाव सरकारच्या कुठल्या कागदावर नाही. आणि खरं बोलायचं तर आपल्या जमातीच्या वहीतही नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : फालिजच्या रुग्णाला आपण हॉस्पिटलच्या दारापर्यंत सगळे मिळून नेतो, पण तिथून परत आल्यावर त्याला एका बाईच्या हवाली करतो. हे ओझं एकट्या माणसाने पेलण्यासारखं नाही. ते वाटून घ्यायला हवं, सरकारनेही आणि आपणही.

साडेचार तासांची घाई

आधी थोडं आजाराबद्दल. पक्षाघात, लकवा, फालिज ही एकाच गोष्टीची नावं. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. बहुतेक रुग्णांमध्ये गाठ अडकून रक्तवाहिनी बंद होते, बाकीच्यांमध्ये ती फुटते. गाठ असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही निवडक रुग्णांमध्ये नळी घालून गाठ बाहेर काढायचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो.

म्हणून तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, की सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल लगेच गाठायचं. आपल्याकडे अजूनही कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला दिला जातो, ‘हवा लागली’ म्हणून आधी झाडफूक केली जाते. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. दुआ तर अँब्युलन्समध्ये बसूनही करता येते.

ही जाण हळूहळू वाढतेय. आता पुढचं बोलायला हवं. जीव वाचला, पण अर्धं अंग गेलं, अशा माणसाचं पुढे काय होतं?

डिस्चार्ज कार्डवर नसलेल्या गोष्टी

डिस्चार्ज कार्डवर औषधांची नावं असतात, ‘फिजिओथेरपी करावी’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि पुढची तारीख असते. घरी आल्यावर जे समोर येतं, ते त्यात कुठेच नसतं.

लुळ्या हाताचा खांदा निखळतो, कारण घरचे त्याच हाताला धरून रुग्णाला उठवतात. गिळायला त्रास होत असतो. पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. पडून राहणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, कमरेला जखमा होतात. साधारण तीनातल्या एका रुग्णाची वाचा बिघडते. त्याला समजत असतं, पण शब्द सापडत नाही. मग घरातले त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात किंवा बोलणंच सोडून देतात.

मनाचं दुखणं तर बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही. फालिजनंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजा आणि हातातून गेलेलं आयुष्य, दोन्हीमुळे ते येतं. काहींना कारण नसताना रडू फुटतं किंवा हसू येतं आणि ते आवरता येत नाही. हाही मेंदूच्या इजेचा परिणाम आहे. घरात मात्र त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. ‘अब्बू आता फार हट्टी झालेत’, ‘सब्रच नाही त्यांना’, ‘अल्लाहची नाशुक्री करतात’. नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि ते घेतल्याने ईमान कमी होत नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. रुग्णासाठी फोन करा, सांभाळणाऱ्यासाठीही करा.

इबादतीचा प्रश्न तितकाच नाजूक आहे. लघवीवर ताबा राहत नाही, कॅथेटर लावलेला असतो. आपण पाक नाही, या शरमेने आयुष्यभर नमाजी असलेला माणूस नमाज सोडून देतो आणि आतून तुटतो. खरं तर शरीयतने अशा माणसाला ‘माजूर’ मानून सवलत दिली आहे. बसून, पडून, इशाऱ्याने नमाज होते. वुजू जमत नसेल तर तयम्मुम आहे. रोजा झेपत नसेल तर फिदया आहे. मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांनी घरी जाऊन दहा मिनिटं हे समजावलं, तर त्या रुग्णाचं निम्मं दुःख हलकं होईल. रमजानमध्ये रोजा ठेवायचाच असा आग्रह असेल, तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला बोलावणं आहे.

सांभाळते कोण?

मालेगाव किंवा भिवंडीतलं घर डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीतला माणूस पॉवरलूम चालवतो. पगारी रजा नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. त्याला फालिज झाला की घराचं उत्पन्न त्याच दिवशी थांबतं आणि खर्च वाढतो. डायपर, औषधं, फिजिओथेरपिस्टची फी, रिक्षा. बायको रात्री त्याची कूस बदलते आणि दिवसा शिलाईचं किंवा दुसऱ्यांच्या घरचं काम शोधते. मुलगा शाळा सोडून कारखान्यात जातो. फालिज बायकोला झाला, तर बहुतेक वेळा मोठ्या मुलीचं कॉलेज सुटतं.

मुंब्रा, गोवंडीसारख्या वस्त्यांत आणखी एक अडचण असते. घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. रुग्णाला खाली उतरवायला चार माणसं लागतात. त्यामुळे फिजिओथेरपी सुटते, ओपीडी सुटते, मस्जिद सुटते. वर्षानुवर्षं रस्ता न पाहिलेली माणसं आपल्याच इमारतीत राहत असतात.

कोकणातली परिस्थिती वेगळी आहे. रत्नागिरी, रायगडच्या गावांतून मुलं आखातात गेलेली. पैसे येतात, व्हिडिओ कॉल येतो. पण घरात उरलेली म्हातारी, जिला स्वतःलाच साखर आणि गुडघेदुखी आहे, ती साठ-सत्तर किलोच्या माणसाला एकटी कशी उठवणार?

सांभाळणाऱ्या या बायकांची स्वतःची तब्येत ढासळते. कंबर जाते, झोप तुटते, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या राहून जातात. माहेरच्या लग्नाला जाता येत नाही. आणि तक्रार केली तर ‘खिदमतीचं सवाब आहे’ हे उत्तर ठरलेलं. सवाब आहेच. पण सवाबाची आठवण नेहमी तिलाच का करून द्यायची? आई-वडिलांशी चांगलं वागण्याचा हुकूम मुलांना आहे. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर शरई फर्ज नाही, ती करते तो तिचा एहसान आहे, हे अनेक उलेमा स्पष्ट सांगतात. म्हणजे बापाचं डायपर बदलणं हे आधी मुलाचं काम आहे. पैगंबर मुहम्मद (स.) घरकामात स्वतः हात लावत, हे आपण जलशांमध्ये अभिमानाने सांगतो. घरात ते किती दिसतं?

‘घरच्यांना शिकवा’ एवढ्याने भागत नाही

इथे कुणी म्हणेल, घरच्यांना नीट प्रशिक्षण दिलं की झालं. ही कल्पना आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे. ‘अटेंड’ नावाच्या अभ्यासात भारतातल्या १४ हॉस्पिटलांतले १,२५० रुग्ण घेतले गेले. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम आणि देखभाल पद्धतशीर शिकवली गेली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एक तर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. प्रशिक्षणाने फरक पडला नाही.

‘स्प्रिंट इंडिया’ या दुसऱ्या अभ्यासात ३१ केंद्रांवरच्या ४,२९८ रुग्णांना घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना १२ भाषांपैकी आपापल्या भाषेत मोबाइलवर संदेश, व्हिडिओ आणि पुस्तिका दिली गेली. गोळ्या घेण्याच्या आणि राहणीमानाच्या सवयी थोड्या सुधारल्या, पण वर्षभरात पुन्हा झटका येणं, हृदयविकार किंवा मृत्यू यांचं प्रमाण कमी झालं नाही.

याचा अर्थ घरच्यांची सेवा वाया जाते असा मुळीच नाही. ती नसेल तर रुग्ण जगणारच नाही. खांद्याला कसं धरायचं, कसं भरवायचं, कूस कशी बदलायची हे शिकायलाच हवं. पण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ आणि नर्स यांचं काम घरच्या बाईवर ढकलून रुग्ण बरा होईल, ही आशा खरी ठरलेली नाही. ज्या हॉस्पिटलांत पक्षाघातासाठी वेगळा विभाग आणि तज्ज्ञांची टीम असते, तिथले रुग्ण जास्त संख्येने वाचतात आणि स्वतःच्या पायांवर उभे राहतात, हे जगभरात दिसून आलंय. तेव्हा ‘घरीच करून घ्या’ असं सांगून यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत.

सरकारी दारं : कुठली उघडी, कुठली बंद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही. पण या योजना मुख्यतः रुग्ण हॉस्पिटलात दाखल असतानाच्या खर्चासाठी आहेत. घरी आल्यावर सहा महिने चालणारी फिजिओथेरपी कोण देणार, याचं उत्तर त्यांत नाही. आणि हेच पहिले तीन ते सहा महिने सुधारणेसाठी सगळ्यात मोलाचे असतात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. हातापायाचं अपंगत्व त्यात आहे, आणि फालिजमुळे कायमची गेलेली वाचाही आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड जिल्हा रुग्णालयातून मिळतं. तपासणी साधारण सहा महिन्यांनी, प्रकृती स्थिरावल्यावर होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक योजनांचा रस्ता खुला होतो. अनेक घरं ‘अपंग’ हा शब्द नको म्हणून कार्ड काढत नाहीत. कार्डामुळे कुणाची इज्जत जात नाही. ते न काढल्यामुळे हक्काचे पैसे मात्र जातात.

नोकरीतल्या लोकांनी या कायद्याचं कलम २० लक्षात ठेवावं. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. घाबरून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नका.

आणि याच कायद्याचं कलम २४. जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी ‘देखभाल भत्ता’ हा शब्द त्यात लिहिलेला आहे. केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठेवले. रक्कम छोटी आहे, पण सांभाळणाऱ्या माणसाची दखल तरी घेतली गेली. आपल्या राज्यात फालिजच्या रुग्णांच्या घरांत हा भत्ता पोहोचलेला आम्हाला दिसत नाही. तो मिळावा, ही मागणी आपल्या आमदारांकडे करायला काय हरकत आहे? ही फक्त मुसलमानांची मागणी नाही. शेजारच्या पाटलांच्या आणि कांबळेंच्या घरातही हाच प्रश्न आहे.

मुंबईकरांसाठी दोन पत्ते सांगतो. हाजी अलीच्या दर्ग्याला आपण दुआ मागायला जातो. तिथून जवळच केंद्र सरकारची ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही संस्था आहे, अपंगत्वातून सावरण्यासाठीच उभारलेली. आणि वांद्र्याला, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ मध्ये सुरू झालेली वाचा आणि श्रवण दोषांवरची राष्ट्रीय संस्था आहे. वाचा गेलेल्या रुग्णाला तिथे नेता येतं. मालेगाव, परभणी, नांदेडच्या माणसाला मात्र एवढं लांब जाणं परवडत नाही. त्यामुळे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणीही तितकीच निकडीची आहे.

मलप्पुरमकडून काय घ्यावं

केरळमधला मलप्पुरम मुस्लिमबहुल जिल्हा आहे. तिथे या शतकाच्या सुरुवातीला शेजाऱ्यांनीच चालवलेली देखभालीची एक पद्धत उभी राहिली. वस्तीतले स्वयंसेवक आठवड्याचे काही तास देतात, लोक थोडे थोडे पैसे देतात, नर्स घरी जाते. कॅन्सरचे रुग्ण त्यात होते, तसेच फालिजने वर्षानुवर्षं पडून असलेलेही. पुढे २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनी नर्सची जबाबदारी घेतली. तिथली पंचायत मजबूत आहे, आपल्याकडे तसं नाही, हे मान्य. पण सुरुवात पंचायतीने केली नव्हती. शेजाऱ्यांनी केली होती.

आपल्याकडे मस्जिद आहे, जमात आहे, दर रमजानला जमा होणारी जकात आहे. ऑपरेशनसाठी अपील निघालं की पैसे उभे राहतात. दर महिन्याला लागणाऱ्या दोन-तीन हजारांसाठी मात्र अपील निघत नाही. कमावता माणूस पडल्यामुळे गरिबीत गेलेलं कुटुंब जकातीचं हक्कदार असू शकतं. त्यांना वर्षभर, ठरलेल्या तारखेला, गाजावाजा न करता रक्कम मिळाली पाहिजे. जकातीत घेणाऱ्याला पैशाचं मालक बनवायची अट असते. त्यामुळे चार मोहल्ल्यांनी मिळून एक फिजिओथेरपिस्ट ठेवायचा असेल, तर त्याचा पगार लिल्लाह आणि सदक्यातून द्यायचा का, हे मुफ्ती साहेबांना विचारून ठरवावं.

पैशाशिवायही बरंच करता येतं. मस्जिदीच्या एका खोलीत व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर मॅट्रेस ठेवता येईल. एकाची गरज संपली की दुसऱ्याला द्यायची. जिन्यावरून रुग्णाला उतरवायला महिन्यातून एकदा चार तरुण लागतात, ते मोहल्ल्यात सहज मिळतील. युडीआयडीचा ऑनलाइन फॉर्म भरायला कॉलेजातली एक मुलगी पुरे. आणि सगळ्यात गरजेचं, आठवड्यातून दोन तास कुणी तरी रुग्णाजवळ बसायचं, म्हणजे सांभाळणारी बाई झोपू शकेल, स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊ शकेल, बहिणीला भेटू शकेल. इयादतीला जाल तेव्हा रुग्णाची विचारपूस झाल्यावर तिलाही विचारा, ‘भाभी, तुम्ही जेवलात का? तुमची गोळी घेतली का?’

रुग्णांच्या घरच्यांनाही एक सांगणं आहे. रक्तदाब हे फालिजचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि ते एकाच घरात अनेकांना असतं. एकाला झटका आला असेल तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा बीपी आणि साखर तपासून घ्या. जेवणातलं मीठ, लोणचं, सुकी मासळी कमी करा. तंबाखू, गुटखा बंद करा. जनऔषधी केंद्रात रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. सांभाळणाऱ्या बाईची तपासणी सगळ्यात आधी करा, कारण ती स्वतःहून कधीच जाणार नाही.

मस्जिद कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारून पाहा : आपल्या मोहल्ल्यात फालिजचे किती रुग्ण घरात पडून आहेत, आणि प्रत्येकाला कोण सांभाळतं? उत्तर कुणाकडे नसेल, तर घरोघरी जाऊन यादी करायला दोन रविवार पुरतील. यादीत रुग्णाच्या नावासमोर सांभाळणारीचंही नाव लिहा. पुढची मदत कुणाला, किती आणि कशी द्यायची, हे त्या यादीवरूनच ठरवता येईल.